कामरेजचा काळियो आणि न ओढलेला दोर

माझी आई आमच्या खानदेशातल्या गावात सगळ्यांना अहिराणीत सांगायची, "मना पोऱ्या सुरतमा मास्तर शे." ते खोटे नव्हते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत त्यांचे आयुष्य चालण्यात गेले, म्हणून मुलाला बसून करायची नोकरी मिळावी एवढीच त्यांची इच्छा होती. मानसशास्त्र घेऊन मी बी.ए. झालो, सुरतेला आलो आणि शिकवू लागलो. बसून करायचे काम मात्र मिळाले नाही. माझे सगळे काम चालण्याचे आणि वाकण्याचे, कारण माझे विद्यार्थी चार पायांचे होते. आई तेवढे सोडून बाकी सगळे सांगत असे. पुढे आमच्या गल्लीतले भिकामामा लग्नाचा बस्ता घ्यायला सुरतेला आले. त्यांनी मला एका बंगल्याच्या बागेत गवतावर पालथे पडून कुत्र्याला बोलावताना पाहिले आणि गावी जाऊन बातमी दिली. आई त्यांना शांतपणे म्हणाली, "मंग काय व्हयनं? शिकाडस ना?"

खरे म्हणजे मी आलो होतो साड्यांच्या मार्केटात, घडी आणि पॅकिंगवर देखरेख करायला. आमच्या शेठचा अल्सेशियन घरात कोणाचेच ऐकत नसे, तो माझे ऐकू लागला. शेठने ते चार जणांना सांगितले. रद्दीच्या दुकानात कुत्रे शिकवण्याचे एक इंग्रजी पुस्तक सापडले, ते मी शब्दकोश घेऊन वाचून काढले. शब्दकोश उघडायची सवय आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी लावली होती. ती अशा कामी येईल हे त्यांच्याही मनात नसेल. नव्वदच्या दशकात सुरतेत बंगले वाढत होते, बंगल्यांबरोबर कुत्रे वाढत होते आणि कुत्र्यांबरोबर मी.

लोकांना वाटते, आमचे काम म्हणजे कुत्र्याला "बस" म्हटले की बसवणे आणि हात पुढे केला की पंजा द्यायला लावणे. ते कोणालाही जमते. अवघड काम एकच आहे. साखळी काढून टाकायची आणि तरीही कुत्रा आपला राहिला पाहिजे. साखळीत असतो तोवर तो साखळीचे ऐकत असतो. ती सुटली की मगच कळते, तो माणसाचे किती ऐकतो. मालकांना वाटते की धाक असला म्हणजे मान मिळतो. पण घाबरणारा कुत्रा मोकळा सुटला की आधी तुमच्यापासून लांब जातो. मान देणारा कुत्रा लांब गेला तरी तुमच्यावर नजर ठेवून असतो. माझ्या धंद्याचे सगळे ज्ञान एवढेच. ते मालकांच्या गळी उतरवायलाच वेळ लागतो, कुत्र्यांना लवकर समजते.

सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या एका साडीवाल्याने मला विचारले होते, "मास्तर, याला फक्त माझ्या मेहुण्यावर भुंकायला शिकवाल?" मी म्हटले, बघू. मेहुणा आला. त्याने खिशातून बिस्किट काढले आणि कुत्रा त्याच्या मांडीवर डोके ठेवून बसला. साडीवाला म्हणाला, "बघा, हा माणूस सगळ्यांना असाच फोडतो." मी त्याला समजावले की मेहुणा रोज दोन मिनिटे खाली बसून कुत्र्याशी बोलतो, तुम्ही कधी बोलता का. त्याने मला चहा पाजला आणि शिकवणी बंद केली.

पण मला आज सांगायचे आहे ते कामरेजच्या काळियोबद्दल.

पावसाळा संपत आला होता, नवरात्र तोंडावर होते. सुरतेबाहेरच्या कामरेजहून हसमुखभाई नावाच्या गृहस्थांचा निरोप आला. घर कामरेजला, उसाची शेती, आणि कडोदऱ्याला यंत्रमागांचे छोटे युनिट. मी माझ्या मोपेडवरून पोहोचलो तेव्हा ते ओटीवर उभे होते आणि त्यांचे वडील मगनदादा हिंडोळ्यावर बसले होते. दादांच्या कपाळावर ताजे टाके होते. आदल्या वर्षी त्यांना लकवा झाला होता. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी राहिलेला, जीभ जड झालेली. हिंडोळ्याखाली एक मोठा काळा कुत्रा झोपला होता. अर्धा लॅब्रॅडॉर, अर्धा गावचा.

आमचे बोलणे निम्मे गुजरातीत, निम्मे हिंदीत चाले. इथे ते बहुतेक मराठीत लिहितो.

"मास्तर, साफ सांगतो," हसमुखभाई म्हणाले. "बापुजींच्या डाव्या हातात काठी, उजवा हात असा. साखळी धरणार कशाने? तर यांनी ती कमरेला बांधली. रस्त्यात मांजर आडवं गेलं. पुढचं कपाळावर दिसतंय."

हिंडोळ्यावरून दादा सावकाश म्हणाले, "मांजर नहोतुं. नोळियो हतो."

"मांजर असो की मुंगूस, बापुजी, तुम्ही खड्ड्यात पडलात."

"मुंगूस असलं तर कोणताही कुत्रा धावेल," दादा माझ्याकडे बघून म्हणाले. बोलायला वेळ लागत होता, पण वाक्य पूर्ण केल्याशिवाय ते सोडत नसत.

अडचण अशी होती. दादा रोज सकाळी घरापासून कालव्याच्या रस्त्याने आपल्या शेतापर्यंत चालत जात. लकव्यानंतर एवढे एकच बाहेर जाणे त्यांना उरले होते. नोकर बरोबर दिला तर ते घराबाहेर पडायला नकार देत. नोकराबरोबर चाललो तर मी आजारी दिसतो, असे त्यांचे म्हणणे. कुत्र्याबरोबर चालणारा माणूस मात्र शेतकरी दिसतो. हसमुखभाईंनी ठरवून टाकले होते की दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमीला कडोदऱ्याचे युनिट मुहूर्तावर उघडेल तेव्हा कुत्रा तिकडे गेटवर बांधायचा. राखणही होईल आणि बापुजीही घरी बसतील. शेजाऱ्यांनी माझे नाव सांगितले म्हणून त्यांनी मला बोलावले होते, एक शेवटचा प्रयत्न म्हणून.

"साखळी धरता येत नाही, म्हणजे साखळीशिवाय चालला पाहिजे," ते म्हणाले. "लाभपाचमीच्या सकाळी मी स्वतः कालव्यावर बघीन. जमलं तर ठीक. नाहीतर तिथूनच गाडीत घालून नेईन."

मी कुत्र्याचे नाव विचारले. हसमुखभाई म्हणाले, ब्रूनो. त्यांच्या पत्नी रंजनबेन आतून म्हणाल्या, आम्ही बेटा म्हणतो. दादा म्हणाले, "काळियो." तेव्हा कुत्र्याने एक डोळा उघडला. मी मनात काळियो हे नाव पक्के केले.

पहिले काही दिवस मी फक्त बघत होतो. हे मालकांना आवडत नाही, मास्तर काहीच करत नाही असे वाटते. पण दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे हसमुखभाई कुत्र्याला हाक मारत ती नेहमी बांधण्यासाठी. तो अंगणात मजेत हुंगत फिरत असे, हाक येई, तो जवळ जाई आणि गळ्यात साखळी पडे. अशा हाकेला शहाणा प्राणी येईल कशाला? दुसरी गोष्ट पुण्याची. त्या भागात कुत्र्याला रोटलो, म्हणजे भाकरी, घालणे हे पुण्याचे काम. गल्लीत कुत्री व्याली की बायका तिच्यासाठी शिरा करून नेत. काळियोला रंजनबेनकडून सकाळी तूपगुळाचा रोटलो, शेजारच्या काकींकडून दुपारी, समोरच्या घरून संध्याकाळी. साऱ्या फळियाचे, म्हणजे गल्लीचे, पुण्य त्याच्या पोटात जात होते. त्याला कोणाचेच ऐकायची गरज नव्हती. न ऐकताही सगळे मिळत होते.

मी रंजनबेनना विनंती केली की रोटलो बंद करा. त्यांचा चेहरा उतरला. "मास्तर, सासू होत्या तेव्हापासून चालत आलंय. तुम्ही कुत्र्याला शिकवायला आलात की आमचं पुण्य बंद करायला?"

"बंद नाही करायचं, बेन. रोटलो तुम्हीच करा. फक्त त्याचे बारीक तुकडे करून दादांच्या खिशात ठेवा. काळियोला ते दादांच्या हातून मिळतील."

त्यांनी विचारले, "पुण्य माझंच राहील ना?"

"तुमचंच. दादा फक्त पोहोचवतील."

हे त्यांना पटले. इतकेच नाही, त्यांनी शेजारच्या काकींना आणि समोरच्या घरीही हीच व्यवस्था समजावून दिली. दादांच्या बंडीचे खिसे त्या दिवसापासून फळियाच्या रोटल्याने फुगलेले असत आणि ते जातील तिकडे काळियो जाई.

आता चुकलेली दिशा सांगतो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी काळियोला आधी स्वतः शिकवू लागलो. मागाच्या कारखान्यात मिळते तशी जाड सुती नाडी घेतली, लांबलचक, आणि ती त्याच्या पट्ट्याला बांधून जमिनीवर मोकळी घसरू दिली. हा आमचा दोर. तो कुत्र्याला ओढण्यासाठी नसतो, आपल्याला धीर देण्यासाठी असतो. कुत्रा पुढे पळाला की हाक मारायची नाही. आपण मुकाट्याने पाठ फिरवायची आणि उलट दिशेला चालू लागायचे. कुत्र्याच्या लक्षात येते की माणूस चालला. मग तो धावत येतो. आला की शाबासकी आणि तुकडा. असे होत होत त्याला सवय लागते की माणसाकडे लक्ष ठेवणे हे आपले काम आहे. माणूस कुत्र्यामागे धावला तर उलटे होते, कुत्र्याला तो खेळ वाटतो.

दिवाळीच्या आधीच काळियो माझ्याबरोबर कालव्यावर असा चालू लागला की रस्त्याने जाणारे थांबून बघत. मी खूश होऊन दादांना बोलावले. दादा आले, काठी टेकत चालू लागले. काळियो त्यांच्याकडे न बघता माझ्या पायाशी येऊन बसला.

दादा उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आ तो तमारो थई गयो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागले. कुत्रा शिकला होता, पण चुकीच्या माणसासाठी. लाभपाचमीनंतर मी रोज कामरेजला थोडाच येणार होतो. आणि दिवस थोडे उरले होते.

त्या दिवसापासून मी काळियोला हात लावणे बंद केले. तो जवळ आला की मी झाडाकडे बघत उभा राही. माझा सगळा वेळ दादांना शिकवण्यात जाऊ लागला. ते सोपे नव्हते. "पाठ फिरवा" म्हटले की ते म्हणत, "आणि तो गेला तर?"

"गेला तर येईल."

"तुम्हाला काय, तुमचा कुत्रा नाही."

मी म्हणे, "दादा, मग धावा त्याच्यामागे."

"धावता आलं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का?" असे म्हणून ते हसत, आणि हसता हसता पाठ फिरवत.

त्यांचे वळणे फार हळू होते. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा पाय ओढून. मी कुत्र्यासमोर झटकन वळत असे, त्यामुळे काळियो झटकन धावत येई. दादा वळायला लागले की त्याला पुष्कळ आधी कळे, आणि ते पुरते वळायच्या आत तो त्यांच्या बाजूला आलेला असे. तुकडा देण्याचेही तसेच. काठी दुमडलेल्या उजव्या हाताच्या कोपरात अडकवायची, डावा हात खिशात घालायचा, तुकडा शोधायचा. तोवर काळियो बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राही. "थांब" हा धडा मी त्याला शिकवलाच नाही, तो दादांच्या हालचालीनेच शिकवला. दादांना मोठ्याने हाक मारता येत नसे. ते मांडीवर दोनदा थाप मारत, तेही काठी सावरून. काळियोला तेवढे पुरू लागले.

दोर आम्ही हळूहळू कापत गेलो. काल होता त्यापेक्षा आज थोडा आखूड. शेवटी पट्ट्याला बोटभर नाडी लोंबत राहिली, मग तीही नाही. दोर कधी गेला हे कुत्र्याला कळता कामा नये. मला वाटते दादांनाही कळले नाही. एकदा त्यांनी मला विचारले, "आज दोर बांधला ना?" मी हो म्हटले. ते खुशाल चालत राहिले. परत आल्यावर सांगितले की नव्हता. त्यांनी मला काठी उगारून दाखवली. काळियो त्या उगारलेल्या काठीला जरासुद्धा दचकला नाही, हे मला त्या सगळ्या शिकवणीत सर्वांत जास्त आवडले.

लाभपाचमीची सकाळ आली. हसमुखभाई नवे कपडे घालून, कपाळाला कुंकू लावून थेट कालव्यावर गाडी घेऊन आले. मुहूर्ताला कडोदऱ्याला पोहोचायचे होते. मागच्या सीटवर त्यांनी जुनी सतरंजी अंथरली होती, कुत्र्यासाठी. दादांनी ती बघितली आणि काठी शेताच्या दिशेला वळवली.

आणि एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. ऊसतोड सुरू झाली होती. आदल्या दिवशी आमच्याच खानदेशातल्या मजुरांची टोळी येऊन कालव्याच्या कडेला उतरली होती. पाचटाच्या झोपड्या, चुली, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, आणि कोंबड्या. काळियोने इतक्या जवळून इतक्या मोकळ्या कोंबड्या कधी पाहिल्या नव्हत्या.

दादा चालू लागले. काळियो त्यांच्या डाव्या बाजूला. मी आणि हसमुखभाई गाडीजवळ उभे. झोपड्यांपर्यंत सगळे व्यवस्थित झाले. मग एक लाल कोंबडी फडफडत रस्त्यावर आली आणि काळियो सुटला. कोंबडी पुढे, तो मागे, आणि समोरून उसाने लादलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर येत होता.

"ब्रूनो! ए ब्रूनो!" हसमुखभाई ओरडत धावायला निघाले. मी त्यांचा दंड धरला.

"सोडा मला. मरेल तो."

"तुम्ही धावलात तर तो आणखी पुढे पळेल. दादांकडे बघा."

मी हे बोललो खरे, पण मलाही धावावेसे वाटत होते. कुत्रा पळत असताना, समोर ट्रॅक्टर असताना त्याच्याकडे पाठ करायची, हे घरच्या अंगणात सांगणे वेगळे. दादा क्षणभर उभे राहिले. मग काठी फिरली. डावा पाय. उजवा पाय ओढून. मांडीवर दोन थापा. आणि ते आमच्या दिशेने, कुत्र्याकडे पाठ करून चालू लागले. त्यांचा चेहरा आम्हाला समोर दिसत होता. डोळे मिटले होते.

एका झोपडीपुढे भाकरी थापणारी बाई उभी राहून म्हणाली, "ओ बाबा, तुमना कुत्रा गया ना तथा!" दादांना अहिराणी कळत नव्हती. ते चालत राहिले.

काळियोने पळता पळता मान वळवली. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला होता, कोंबडी उसात शिरली होती. काळियो रस्त्याच्या मधोमध थांबला. एकदा उसाकडे बघितले, एकदा दूर जाणाऱ्या पाठीकडे. मग तो आला. धावत आला, दादांना ओलांडून पुढे गेला नाही, डाव्या बाजूला आल्यावर चाल कमी केली आणि त्यांच्या गतीने चालू लागला. दादांनी डोळे उघडले ते त्याचे अंग धोतराला घासले तेव्हा.

त्यांनी काठी कोपरात अडकवली, खिशात हात घातला. तुकडा सापडेना. काळियो बसून वाट बघत राहिला. आम्हीही.

हसमुखभाईंनी रुमालाने घाम पुसला, त्याबरोबर कुंकूही पुसले गेले. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, तुम्ही हाक मारा बरं एकदा."

मी मारली. काळियोने माझ्याकडे बघून शेपूट हलवली, मग दादांच्या तोंडाकडे बघितले आणि जागचा हलला नाही.

"तुमचंही ऐकत नाही आता," हसमुखभाई म्हणाले.

"नाही," मी म्हटले. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना निरोप देताना आमच्या सरांना काय वाटत असेल ते मला तेव्हा थोडे कळले.

दादा आमच्याजवळ आले. मुलाकडे त्यांनी बघितले नाही, गाडीच्या मागच्या सीटवरच्या सतरंजीकडे बघितले. हसमुखभाईंनी दार उघडले, सतरंजी काढली, घडी केली आणि डिकीत टाकली. तेवढेच. दादांनी मान हलवली आणि काठी पुन्हा शेताच्या दिशेला वळवली. कोंबड्यांच्या बाजूनेच.

"बापुजी, मी सांगतोय ना, आज एवढं पुरे करा," हसमुखभाई मागून म्हणाले. दादा चालत राहिले. हसमुखभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? कुत्रा सुधारला. हे माझं कधी ऐकणार?"

मी म्हटले, "भाई, कुत्र्याच्या बाबतीत तरी एकच उपाय आहे. रोज बरोबर चालावं लागतं."

त्यांनी घड्याळ बघितले. मुहूर्ताची वेळ जवळ आली होती. कडोदऱ्याला कारागीर, पेढे, पूजेचे ताट सगळे वाट बघत असणार. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, "पाच मिनिटं लक्ष ठेवा" म्हणाले, आणि नव्या कपड्यांत, नव्या चपलांत त्या चिखलाच्या रस्त्याने वडिलांच्या मागे निघाले. नव्या चपला चिखलात रुतत होत्या, अंतर कमी होत नव्हते.

झोपड्यांच्या पुढे गेल्यावर काळियो थांबला. मागे वळून त्याने हसमुखभाई येत आहेत की नाही ते बघितले. ते पोहोचेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि तो थांबला म्हणून दादाही थांबले.